मुद्दल राखून धावणारी गाडी

ट्रॅकवरचा वेग आणि कुटुंबाचा लांबचा प्रवास, या दोन्हींसाठी एकच मोटार निवडताना

सूर्यास्तापूर्वी दुकानातच डबा आटोपावा, रात्री दुकान वाढवून घरी यावे आणि जरा टेकताच चिरंजीवांनी मोबाइलवरील लाल रंगाच्या मोटारीचे चित्र पुढे करावे, हा प्रसंग सोलापुरातील व्यापारी घरांना आता नवा राहिलेला नाही. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत शिकून आलेला असतो. मित्रांबरोबर एकदा कोइमतूरच्या रेस ट्रॅकवरही जाऊन आलेला असतो. त्याचे म्हणणे सरळ असते: वर्षातून दोन-तीन वेळा ट्रॅकवर चालवता येईल आणि एरवी लांबच्या प्रवासाला नेता येईल, अशी एक गाडी घेऊ या. वडिलांच्या डोळ्यांपुढे किंमत उभी राहते. आईला वर्तमानपत्रातील अपघाताच्या बातम्या आठवतात. आजोबा एवढेच विचारतात, "तिच्यात मागे बसायला जागा आहे का रे?"

या तिन्ही प्रतिक्रियांत तथ्य आहे, आणि मुलाच्या हौसेतही काही गैर नाही. गैर होते ते प्रयोजन न ठरवता केलेल्या खरेदीत. कापडाचा गठ्ठा घेतानाही आपण आधी गिऱ्हाईक पाहतो आणि मग माल निवडतो. लक्षावधी रुपयांची मोटार घेताना मात्र आधी माल पसंत पडतो आणि त्याचा उपयोग नंतर शोधला जातो. म्हणून या लेखात आधी उपयोगाचा विचार करू आणि मग गाडीकडे वळू.

वेगाची जागा कोणती?

आईच्या भीतीपासूनच आरंभ केला पाहिजे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला दिलेल्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवत असल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो अवघा सतरा वर्षांचा होता. त्या घटनेने महाराष्ट्रातील प्रत्येक संपन्न घराला एक प्रश्न विचारला आहे: आपण मुलाच्या हाती नेमके काय देत आहोत?

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच दुरुस्तीतील कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ट्रॅक-डे ही कल्पना या दृष्टीने उपकारक आहे. ठरलेले शुल्क भरायचे, बंदिस्त ट्रॅकवर आपली गाडी न्यायची आणि शिरस्त्राण घालून पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या करायच्या. समोरून वाहन येत नाही, पादचारी नसतात, गुरे आडवी येत नाहीत. पिवळा झेंडा दिसला की सावध होऊन मागे राहायचे, निळा दिसला की मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्यायची, लाल दिसला की सर्वांनी वेग आवरून परतायचे. वेगाची ओढ ज्याला आहे त्याला ती शिस्तीत भागवता येते आणि आपल्या कौशल्याची खरी पातळीही कळते. पहिल्याच दिवशी बहुतेकांचा भ्रमनिरास होतो, आणि तो आरोग्यदायी असतो.

सोलापूरकराचे भूगोल

आता सोलापूरच्या नकाशाकडे पाहू. देशात शर्यतीचे मोठे ट्रॅक हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा असून त्याला उद्योजक आणि शर्यतपटू एस. करिवर्धन यांचे नाव दिले आहे. ग्रेटर नोइडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे. तेथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन फेटेल जिंकला.

सोलापूरहून यांतील एकही जवळ नाही. विजयपूर, होसपेट, चित्रदुर्ग, बंगळुरू, वेल्लोर असे करत इरुंगट्टुकोट्टई गाठायचे तर नऊशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. कोइमतूरही साधारण तितकेच दूर. म्हणजे मुंबईकर किंवा पुणेकर काहीही म्हणोत, आपल्यासाठी ट्रॅक-डे हाच मुळी एक लांबचा प्रवास आहे. दीड दिवस जाण्याचा, एक दिवस ट्रॅकचा आणि दीड दिवस परतीचा. ट्रेलरवर गाडी चढवून नेणारे हौशी असतात. पण तो खर्च वेगळा आणि त्यात प्रवासाचा आनंदही नाही.

या भूगोलातून निवडीचा पहिला निकष आपोआप मिळतो. ट्रॅकवर पिळून काढल्यानंतरही ज्या गाडीत घरी सुखरूप परतण्याइतके ब्रेक, टायर आणि इंजिनाचे बळ शिल्लक राहते, तीच आपली गाडी. व्याजावर हौस करावी, मुद्दलाला हात लावू नये, हे आपल्या वाडवडिलांचे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते.

हीच परंपरा, आपल्याच गावची

एकाच गाडीने घरचे काम करावे आणि शर्यतही धावावी, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. तिचा एक धागा सोलापुरातच सापडतो. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी येथे जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ करून जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग भारतीय हातांत आणण्याचा ध्यास घेतला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व प्लिमथ गाड्यांची जोडणी झाली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंदशेठ निवर्तले. पण त्या करारातून आलेली फियाट ११०० पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घराघरांत पोहोचली.

लग्नाच्या वरातीपासून तीर्थयात्रेपर्यंत सर्वत्र धावलेली ही गाडी अनेक वाचकांना आठवत असेल. चेन्नईजवळ शोळावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत याच फियाट मोटारी फेरफार करून उतरवल्या जात. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती! आज एखाद्या साध्या कौटुंबिक गाडीतही याच्या दुप्पट शक्ती असते. तरीही त्या काळच्या चालकांनी तिच्यावर शर्यतीचे धडे गिरवले, कारण गाडी हलकी होती, यंत्रणा सोपी होती आणि सुटे भाग गावोगाव मिळत होते. हे तीन गुण आजही तितकेच मोलाचे आहेत.

ट्रॅक काय मागतो, रस्ता काय मागतो

ट्रॅकवर सर्वप्रथम ब्रेक थकतात, इंजिन नव्हे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. पॅड तापून त्यांची पकड घटते. ब्रेक ऑइल उकळले तर पायाखालचे पेडल मऊ होऊन खाली जाते. डॉट-४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हेच ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून दोन वर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलवर ट्रॅकला जाणे हा शुद्ध अविचार होय.

ट्रॅकची दुसरी मागणी कमी वजनाची. जड गाडी प्रत्येक वळणावर टायर अधिक झिजवते आणि प्रत्येक थांब्याला ब्रेक अधिक तापवते. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ मध्ये आणलेली एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार एक टनाच्या आसपास वजनाची होती आणि तिची शक्तीही बेताचीच होती, तरी ती जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरली. आपल्या देशात ती अधिकृतपणे विकलीच गेली नाही. पण तिचा धडा घेण्यासारखा आहे.

रस्त्याच्या मागण्या अगदी निराळ्या. आपल्याकडचा रस्ता आधी गाडीचे पोट पाहतो. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक, खचलेले बाजूपट्टे आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांना १२० मिलिमीटर उंचीची गाडी घासल्यावाचून राहत नाही. मग स्टेपनी आहे का हे पाहावे. अनेक स्पोर्ट्स मोटारींत स्टेपनीऐवजी पंक्चरचे द्रावण आणि हवेचा छोटा पंप असतो. टायरची कड फाटली तर त्याचा उपयोग शून्य, आणि कुष्टगी-होसपेट मार्गावर १९ इंची रुंद टायर कोणत्या दुकानात मिळणार? त्यानंतर वातानुकूलन. सोलापूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला याविषयी अधिक सांगायला नको. अखेरीस सामानाची जागा आणि आजोबांनी विचारलेली मागची सीट.

पर्याय

बाजारातील गाड्यांचे या दृष्टीने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग खऱ्या स्पोर्ट्स मोटारींचा. पोर्शेची ७१८ केमन किंवा ९११ ही त्याची उत्तम उदाहरणे. ट्रॅकवर या गाड्यांना तोड नाही आणि त्यांचे ब्रेकही दिवसभर साथ देतात. परंतु केमनमध्ये दोनच माणसे बसतात, ९११ च्या मागच्या सीटवर लहान मूलच मावते आणि पुढचा भाग गतिरोधकावर उचलून धरणारी यंत्रणा बहुधा जादा पैसे देऊन घ्यावी लागते. आयात गाडीवरील जबर करामुळे युरोपातील किंमत येथे दुपटीच्या घरात जाते.

दुसरा वर्ग वेगवान कौटुंबिक गाड्यांचा. बीएमडब्ल्यूची एम ३४०आय २०२१ मध्ये आली. तिची जोडणी चेन्नईत होते. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ३७४ अश्वशक्ती, चार माणसांना ऐसपैस जागा आणि भरपूर डिकी. लांबच्या प्रवासाला ही गाडी राजेशाही आहे. पण पावणेदोन टनांच्या आसपासचे वजन ट्रॅकवर टायर आणि ब्रेक यांचे बिल वाढवते. २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय सुमारे ५३ लाखांना आणली. २६५ अश्वशक्ती, पाच दारे, बेताचे वजन, असा तिचा तोल चांगला आहे. फक्त जमिनीपासूनची सुमारे १३६ मिलिमीटरची उंची लक्षात ठेवून चालवावी लागते.

तिसरा वर्ग आपल्या महाराष्ट्रातच घडलेल्या साध्या पण चपळ गाड्यांचा, आणि माझ्या मते आरंभ येथूनच करावा. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो बाहेर पडली. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत दहा लाखांच्या आत. आता ती जुन्या बाजारातच मिळते आणि सुटे भाग शोधावे लागतात, म्हणून ओळखीचा कसबी मेकॅनिक असेल तरच तिच्या वाटेला जावे. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची व्हर्टस दीड लिटर टर्बो इंजिनासह २०२२ मध्ये आली. १५० अश्वशक्ती, हाताने बदलायच्या गिअरचा पर्याय, १७९ मिलिमीटर उंची, पाचशे लिटरहून मोठी डिकी आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे. तिचे मागचे ब्रेक ड्रमचे आहेत, ही तिची मर्यादा. मात्र चांगले पॅड, ताजे ब्रेक ऑइल आणि उत्तम टायर एवढ्यावर नवख्या चालकाला पहिली दोन वर्षे पुरेल इतके ट्रॅकचे शिक्षण ती देते. सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठीही परदेशाकडे डोळे लावावे लागत नाहीत.

आपल्या घरांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक महाग गाड्यांत चामड्याचे आच्छादन असते. आसने कापडाची किंवा कृत्रिम चामड्याची मागता येतात. पण स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीवर खरे चामडे निघते आणि ते गाडी दारात आल्यावर ध्यानात येते. मागणी नोंदवतानाच प्रत्येक भागाविषयी लेखी खुलासा घ्यावा.

वहीत न दिसणारा खर्च

किंमत सर्वजण विचारतात. जोखीम कोणाच्या अंगावर आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचे कलम असते. संघटित शर्यत, वेगाची चाचणी अशा वापरासाठी संरक्षण नाही, असे त्यात लिहिलेले असते. उत्पादकाच्या वॉरंटीतही अशा वापराला सहसा स्थान नसते. म्हणजे ट्रॅकच्या फाटकातून आत शिरताच त्या गाडीचे विमाकार आपण स्वतः असतो.

यावरून दोन नियम निघतात. हप्ते चालू असलेली गाडी ट्रॅकवर नेऊ नये, कारण गाडी मोडली तरी हप्ता मोडत नाही. आणि जी पूर्ण नष्ट झाली तर घराच्या किंवा दुकानाच्या व्यवहाराला धक्का बसेल, अशी गाडीही तेथे नेऊ नये. पन्नास लाखांच्या गाडीला जपत कडेकडेने फिरणाऱ्यापेक्षा पंधरा लाखांची गाडी मोकळेपणाने चालवणारा अधिक शिकतो.

गाडी पेढीच्या नावावर घेण्याचा मोहही तपासून पाहावा. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवरील जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावे नोंदलेल्या गाडीला वैयक्तिक गाडीपेक्षा अधिक रस्ता-कर पडतो. आपल्या कर सल्लागाराशी बोलल्यावाचून हे पाऊल उचलू नये.

अंदाजपत्रक करताना किमतीचा दहावा हिस्सा तरी वेगळा काढावा. त्यातून चांगले शिरस्त्राण, टायरचा एक जादा जोड, उच्च तापमानाचे ब्रेक पॅड आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षकाचे शुल्क द्यावे. याच पैशांत इंजिनाची शक्ती वाढवून देणारे दुकानदार भेटतील. त्यांना नम्र नकार द्यावा.

जाण्याची आणि परतण्याची रीत

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि कूलंट तपासून घ्यावे. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो कायद्यानेही बाद. ट्रॅकला जाताना मात्र परतीच्या नऊशे किलोमीटरांचा विचार करून याच्या दुप्पट तरी खोली हवी. डिकीत हवेचा मापक, चाकाचे नट ठरावीक जोराने आवळणारा पाना आणि ब्रेक पॅडचा जादा जोड ठेवावा.

ट्रॅकवर पोहोचल्यावर गाडीतील सर्व सामान, पायपुसणी आणि बाटल्या बाहेर काढाव्यात. वळणावर घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकते. टायर तापले की त्यातील हवेचा दाब वाढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो मोजावा. शेवटची फेरी सावकाश घेऊन ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड चकतीला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. दुपारनंतर थकवा आला की थांबावे. एक शेवटची फेरी म्हणून केलेली फेरीच बहुधा महागात पडते.

परतीच्या प्रवासात सर्वात मोठा धोका ट्रॅकहून आलेल्या चालकाच्या मनात असतो. दिवसभर दीडशेचा वेग पाहिलेल्या डोळ्यांना शंभर हा रांगण्याचा वेग वाटू लागतो. म्हणून त्याच रात्री निघू नये. मुक्काम करावा, सकाळी ब्रेक पॅड आणि टायर पाहावेत आणि पहिले दोन तास दुसऱ्याने गाडी चालवावी. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांची जुनी रीत येथे उपयोगी पडते: दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचायचे, जेवायचे आणि विसावायचे. महामार्गावर अंधारात बिनदिव्यांचे ट्रॅक्टर आणि रस्त्यावर बसलेली गुरे असतात. मुक्या जिवाला आणि स्वतःला वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

आजोबांचा प्रश्न

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. चेन्नई किंवा कोइमतूरहून परतताना बंगळुरूपासून वाट थोडी वाकडी केली की श्रवणबेळगोळ येते. सत्तावन्न फूट उंचीच्या गोमटेश्वरांच्या चरणांशी पोहोचण्यासाठी डोंगराच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तेथे कोणत्याही मोटारीची अश्वशक्ती कामाला येत नाही. मुलाचा ट्रॅक झाल्यावर आई-वडील आणि आजोबा रेल्वेने बंगळुरूला येतील, तेथून सर्व मिळून दर्शनाला जातील आणि येताना होसपेटला उतरून हंपी पाहतील, असा बेत चार आसनांच्या गाडीतच जमतो. दोन आसनांच्या गाडीत हौस एकट्याची राहते आणि घर मागे राहते.

म्हणून ज्या घरात हा विषय निघाला असेल त्यांनी मुलाला नकारही देऊ नये आणि पहिल्याच दिवशी होकारही देऊ नये. घरात आज जी गाडी आहे तीच नवे ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड घालून, प्रशिक्षक घेऊन, एकदा ट्रॅकवर न्यायला सांगावे. वडिलांनी बरोबर जावे आणि बाजूला उभे राहून पाहावे. मुलगा परतीच्या वाटेवर गाडी कशी चालवतो, याकडे विशेष लक्ष द्यावे. तो अधिक संयमाने चालवू लागला असेल, तर पुढची गाडी घेण्याची त्याची पात्रता सिद्ध झाली. तसे दिसले नाही, तर कोणतीही गाडी त्याच्यासाठी आज महागच आहे, मग तिची किंमत काहीही असो.